बहुरूपी लॅपटॉप : स्वस्त शाळकरी लॅपटॉपवर जुने संगणक कसे चालवावेत?



मार्च महिना आला की आपल्या सगळ्यांच्या शाळेत एक काम हमखास निघतं. डेडस्टॉक रजिस्टर काढायचं, कपाट उघडायचं आणि कोणत्या वस्तू निर्लेखनात टाकायच्या त्याची यादी करायची. मोडक्या खुर्च्या, फाटक्या सतरंज्या, गळकी पाण्याची टाकी. आमच्या शाळेच्या यादीत दोन वर्षांपूर्वी आणखी एक ओळ आली होती : "छोटे लॅपटॉप, नग ८, निरुपयोगी."

हे लॅपटॉप एका दात्याने दिलेले. नवीन काही चालत नाही, व्हिडिओ अडकतो, इंटरनेटचं पान उघडायला पाच मिनिटं लागतात. म्हणून निरुपयोगी. यादीवर सही करायच्या आधी मी एक चालू करून बघितला. तो सुरू झाला! हळू झाला, पण झाला. मग माझ्या मनात आलं, की जे यंत्र चालू होतं ते निरुपयोगी कसं? आपण त्याच्याकडून चुकीचं काम मागतोय का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एम्युलेशन हा विषय सापडला. म्हणजे आजच्या (किंवा कालच्या) छोट्या लॅपटॉपवर चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक चालवणं. नाव अवघड असलं तरी कल्पना सोपी आहे आणि चौथी-पाचवीच्या मुलांना छान समजते. चला तर मग, एकेक पायरी चढत बघूया.

१) एम्युलेशन म्हणजे काय?

तुमच्या गावात बहुरूपी येतो का? आमच्याकडे सुगी झाली की यायचा. एक दिवस पोलीस, दुसऱ्या दिवशी वैद्य, तिसऱ्या दिवशी आणखी कोणी. नुसता पोलिसाचा डगला घातला म्हणून त्याला कोणी बहुरूपी म्हणत नसे. तो पोलिसासारखा दरडावायचा, वॉरंट काढायचा, दंड किती ते सांगायचा. तुम्ही काहीही विचारा, उत्तर पोलिसाचंच यायला हवं. माणूस एकच, सोंगं अनेक.

एम्युलेटर हा संगणकातला बहुरूपी. तो एक साधा प्रोग्रॅम असतो, पण तो दुसऱ्या एखाद्या संगणकाचं सोंग घेतो. त्या जुन्या संगणकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्यासमोर ठेवला, की जुन्या संगणकाने जे केलं असतं तेच तो करून दाखवतो. बिचाऱ्या प्रोग्रॅमला पत्ताच लागत नाही की आपण खऱ्या यंत्रात नाही, सोंगात आहोत.

इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण पुष्कळ जण गोंधळ करतात. जुना खेळ नव्या संगणकासाठी पुन्हा लिहिला तर त्याला "पोर्ट" म्हणतात. सिमसिटी हा शहर वसवण्याचा जुना खेळ तुम्हाला ठाऊक असेल. त्याचा मूळ कोड २००८ साली "मायक्रोपोलिस" या नावाने सर्वांसाठी खुला झाला आणि मुलांच्या एका स्वस्त लॅपटॉपवर आणला गेला. ते पोर्ट. एम्युलेशनमध्ये जुन्या प्रोग्रॅमचं एक अक्षरही बदलत नाही. बदलतो तो यंत्राचा वेष.

२) तो स्वस्त लॅपटॉप कोणता?

२००५ साली अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपॉन्टे यांनी "वन लॅपटॉप पर चाइल्ड" ही कल्पना मांडली. १०० डॉलरचा लॅपटॉप, दर मुलामागे एक. त्यातून एक्सओ नावाचा हिरवा-पांढरा, हातात धरायला मूठ असलेला लॅपटॉप तयार झाला आणि २००७ च्या शेवटी त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. किंमत मात्र १०० डॉलरवर राहिली नाही, जवळपास दुप्पट झाली. पेरू आणि उरुग्वे या देशांनी तो लाखोंनी घेतला. आपल्या केंद्र सरकारने २००६ साली ही योजना नाकारली होती. तरीसुद्धा २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळ, एका वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत तो मुलांच्या हातात आला होता. म्हणजे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

एक्सओच्या पहिल्या आवृत्तीची कुंडली अशी :

• प्रोसेसर : ४३३ मेगाहर्ट्झ
• मेमरी : २५६ एमबी
• साठवण : १ जीबी, फ्लॅश प्रकारची. हार्ड डिस्क नाही, पंखाही नाही
• पडदा : साडेसात इंची, १२०० × ९०० ठिपके. भर उन्हात काळा-पांढरा होऊन वाचता येतो
• कीबोर्ड : रबराचा, बंदिस्त. धूळ-पाणी आत जात नाही

आजच्या मोबाइलपुढे हे आकडे अगदीच किरकोळ वाटतील. आमच्या कपाटातले आठ लॅपटॉप त्याच काळातले नेटबुक होते. प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झ, मेमरी १ जीबी. एक्सओपेक्षा बरे, पण आजच्या मानाने तेही निकामी. आता हेच आकडे दुसऱ्या बाजूने बघू.

३) कोणत्या संगणकाचं सोंग घ्यायचं?

जुने संगणक पुष्कळ आहेत. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम, त्याच वर्षीचा कमोडोर ६४, डॉसवर चालणारे पीसी. पण आपण शिक्षक आहोत म्हणून मी बीबीसी मायक्रो निवडला. त्याला कारण आहे.

ब्रिटनमध्ये बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून एक संगणक तयार करून घेतला. तो डिसेंबर १९८१ मध्ये आला. मुळातच शिकवण्यासाठी बनवलेलं यंत्र! आणि आपला संबंध म्हणाल तर, १९८४-८५ मध्ये भारत सरकारने "क्लास" नावाचा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे २५० शाळांत जे संगणक गेले ते हेच बीबीसी मायक्रो. आज पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या सहकाऱ्याला विचारून बघा. कदाचित त्यांनी आयुष्यातली पहिली कळ याच यंत्रावर दाबलेली असेल.

बीबीसी मायक्रोच्या "मॉडेल बी"ची कुंडली : प्रोसेसर २ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ केबी. केबी बरं का, एमबी नव्हे.

आता गणित करा. हे मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर करून घेतलं :

• वेग : ४३३ ÷ २ = सुमारे २१६ पट
• मेमरी : २५६ एमबी = २५६ × १०२४ = २,६२,१४४ केबी. त्याला ३२ ने भागलं की ८,१९२ पट

जो एक्सओ आजच्या मोबाइलपुढे मुंगी आहे, तो बीबीसी मायक्रोपुढे हत्ती आहे. आमचा नेटबुक तर वेगात ८०० पट. "निरुपयोगी" हा शब्द आपण कोणाशी तुलना करतो त्यावर ठरतो, हे मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

४) आत नेमकं काय चालतं?

आता थोडं आत डोकावू. प्रत्येक प्रोसेसरची आपली एक भाषा असते. बीबीसी मायक्रोमधल्या ६५०२ या प्रोसेसरला जे हुकूम समजतात ते आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला समजत नाहीत. मग मधे दुभाषी लागतो. एम्युलेटरचं मुख्य काम हेच. तो सतत एकच चक्र फिरवत असतो :

१. जुन्या प्रोग्रॅममधला पुढचा हुकूम उचल.
२. त्याचा अर्थ काय ते बघ.
३. तोच परिणाम होईल असं काम आपल्या भाषेत कर.
४. पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

६५०२ जवळ आकडे हातात धरायला मुख्यतः तीन छोट्या जागा असतात. त्यांची नावं ए, एक्स आणि वाय. आपण त्यांना तीन पाट्या म्हणू. एम्युलेटर आपल्या मेमरीत या तीन पाट्या मांडतो, शेजारी ३२ केबीची एक जागा आखतो आणि म्हणतो, "हा घ्या तुमचा संगणक."

पण एवढ्याने भागत नाही. जुन्या प्रोग्रॅमने मेमरीच्या ठरावीक घरात आकडा लिहिला, तर खऱ्या यंत्रात तो आवाजाच्या चिपकडे जायचा आणि सूर वाजायचा. त्या चिपमध्ये तीन सूर आणि एक खरखर, असे चार आवाज होते. म्हणून एम्युलेटरला प्रत्येक वेळी बघावं लागतं, की हे घर साधं आहे की त्यामागे कोणी बसलंय? तसं असेल तर सूरही आपणच काढायचा. बहुरूप्याला पोलिसाची शिट्टीसुद्धा वाजवता यायला हवी ना!

आणि वेळेचं भान? बीबीसी मायक्रो सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवायचा. म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद. त्या वेळात त्याच्या प्रोसेसरचे २०,००,००० ÷ ५० = ४०,००० ठोके पडायचे. एका हुकुमाला साधारण २ ते ७ ठोके लागतात. एम्युलेटर ४०,००० ठोक्यांचं काम उरकतो, चित्र काढतो आणि २० मिलिसेकंद पुरे होईपर्यंत थांबतो. थांबला नाही तर काय होईल? खेळातलं जहाज डोळ्यांना दिसणारच नाही, इतकं भन्नाट पळेल. उलट लॅपटॉप फारच हळू असेल आणि त्याच कामाला २५ मिलिसेकंद लागले, तर चित्र रेंगाळेल आणि आवाज तुटक येईल.

मग २१६ पट वेग असूनही एवढी काळजी कशाला? कारण जुना एक हुकूम पाळायला नव्या यंत्राचे दहा-वीस, कधी त्याहून जास्त हुकूम खर्च होतात. दुभाष्याला दोन्हीकडचं ऐकावं लागतं ना. शिवाय चित्र आणि आवाज यांचा खर्च वेगळा. पण २१६ पट हाताशी असताना हा खर्च परवडतो.

जिथे फरक कमी तिथे अडचण येते. डॉसबॉक्स हा डॉसच्या काळातल्या पीसीचं सोंग घेणारा एम्युलेटर. एक्सओवर त्यात ऐंशीच्या दशकातले साधे प्रोग्रॅम चालतात, पण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातले मोठे खेळ टाकले की तो धापा टाकतो. यावर हुशार एम्युलेटर एक युक्ती करतात. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येणार असेल तर दर वेळी तोंडी भाषांतर करण्याऐवजी एकदाच लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तो कागद वाचायचा. आपणही सूचना फलकावर लावतो, प्रत्येक मुलाला वेगळी सांगत बसत नाही. तसंच हे.

५) कृती : वर्गातला मानवी एम्युलेटर

लॅपटॉप नसला तरी ही कृती करता येते.

साहित्य : खडू, दोन पाट्या, घड्याळ.

जमिनीवर खडूने १ ते ६ अशी सहा घरं आखा. घर ३ मध्ये १२ आणि घर ४ मध्ये ९ हे आकडे लिहा. फळ्यावर हा प्रोग्रॅम लिहा :

आण ३
मिळव ४
ठेव ५

पहिल्या मुलीला या तीन शब्दांचे अर्थ आधीच शिकवा. "आण" म्हणजे घरातला आकडा पाटीवर लिही. "मिळव" म्हणजे त्या घरातला आकडा पाटीवरच्या आकड्यात मिळव. "ठेव" म्हणजे पाटीवरचा आकडा त्या घरात लिही. ती झटपट घर ५ मध्ये २१ लिहील. ती आपली खरी मशीन.

दुसऱ्या मुलाला अर्थ सांगू नका, फक्त अर्थांचा कागद द्या. तो प्रत्येक शब्द कागदावर शोधेल, वाचेल, मग करेल. उत्तर २१ च येईल, पण वेळ जास्त लागेल. तो आपला एम्युलेटर.

दोघांचा वेळ फळ्यावर लिहा आणि वर्गाला विचारा : उत्तर सारखं का आलं? वेळ वेगळा का लागला? दुसऱ्याने पहिलीइतक्याच वेळात काम करावं असं वाटत असेल तर काय करायला हवं? माझ्या वर्गात उत्तर आलं, "बाई, त्याला पळायला लावा!" अगदी बरोबर. सोंग घेणारं यंत्र मूळ यंत्रापेक्षा बरंच वेगवान असावं लागतं. "आण, मिळव, ठेव" हे हुकूम ६५०२ मध्येही जवळपास असेच असतात.

६) प्रत्यक्ष लॅपटॉपवर कसं कराल?

पहिली पायरी : लॅपटॉप तपासा. चार्जर, बॅटरी, कीबोर्डच्या सगळ्या कळा बघा. बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच बाजूला ठेवा आणि चार्जिंगला मुळीच लावू नका. आमच्या आठपैकी दोघांच्या बॅटऱ्या फुगलेल्या होत्या आणि एक चालूच झाला नाही. हे तीन खरोखर निर्लेखनात गेले.

दुसरी पायरी : हलकी ऑपरेटिंग सिस्टिम. एक्सओमध्ये फेडोरा लिनक्सवर आधारलेली "शुगर" नावाची मुलांसाठीची मांडणी असते, ती तशीच राहू द्या. साध्या नेटबुकवर अँटीएक्ससारखं हलकं लिनक्स टाका. जुने नेटबुक बहुधा ३२-बिटचे असतात, म्हणून फाइल उतरवताना ३२-बिटचीच आवृत्ती घ्या. मी पहिल्यांदा दुसरीच उतरवली. मोबाइलचा त्या दिवसाचा डेटा गेला आणि लॅपटॉप हूं की चूं करेना.

तिसरी पायरी : एम्युलेटर. बीबीसी मायक्रोसाठी बी-एम, स्पेक्ट्रमसाठी फ्यूज, डॉससाठी डॉसबॉक्स. ब्राउझरमध्ये चालणारे एम्युलेटरही आहेत आणि मोठ्या संगणकावर ते फार सोयीचे पडतात. पण एक्सओसारख्या यंत्रावर तो मार्ग टाळा. आधी ब्राउझरचं ओझं, त्यात जावास्क्रिप्ट, त्यात एम्युलेटर. एकावर एक तीन सोंगं चढवली की बहुरूप्याला श्वास घेता येत नाही.

चौथी पायरी : पडदा. बीबीसी मायक्रोचं एक चित्र ३२० × २५६ ठिपक्यांचं असतं. तिप्पट केलं तर ९६० × ७६८, म्हणजे एक्सओच्या १२०० × ९०० मध्ये नीट बसतं. चौपट केलं तर १२८०, बसत नाही. पण यंत्र रेंगाळत असेल तर दुप्पटच ठेवा. जितके ठिपके जास्त तितकी मेहनत जास्त. तरीही रेंगाळलं तर एक चित्र गाळून एक दाखवायची सोय बहुतेक एम्युलेटरांत असते, ती वापरा.

पाचवी पायरी : कळा. इथे सगळे अडखळतात. बीबीसी मायक्रोवर दुहेरी अवतरणचिन्ह २ च्या कळेवर होतं. आपल्या कीबोर्डवर ते दुसरीकडेच असतं. एम्युलेटर जुन्या जागा पाळत असेल तर छापलेलं एक आणि उमटतं दुसरंच. एक कागदी तक्ता करून प्रत्येक लॅपटॉपशेजारी चिकटवा. जुन्या यंत्राची "ब्रेक" ही कळ बहुधा एफ-१२ वर असते. एक्सओच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना खेळण्याची बटणं आहेत. लॅपटॉपला ती नंबरपॅडच्या कळांसारखी कळतात, म्हणून एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये तशी जोडून घ्यावी लागतात.

सहावी पायरी, आणि ही टाळू नका : कायदा. यंत्र जुनं झालं म्हणून त्यातला प्रोग्रॅम फुकटाचा होत नाही. जुन्या संगणकाच्या रॉममधला कोड आणि जुने खेळ यांवर कोणाचा तरी हक्क असतो. काही मालक मोठ्या मनाने परवानगी देतात. स्पेक्ट्रमच्या रॉमचे हक्क असलेल्या अ‍ॅमस्ट्रॅडने तो एम्युलेटरसोबत वाटायला मोकळीक दिली. डॉसबॉक्समध्ये स्वतःचंच डॉस असतं, वेगळं लागत नाही. जिथे परवानगी स्पष्ट लिहिलेली नाही तिथून खेळ उतरवू नका. आपण मुलांना "विचारल्याशिवाय दुसऱ्याची पेन्सिल घेऊ नये" शिकवतो, मग आपणही तसं वागायला हवं. आणि खरं सांगू? आपल्याला खेळ लागतच नाहीत. मुलं स्वतःच प्रोग्रॅम लिहितात.

७) वर्गात काय घडलं

पहिल्या दिवशी मी चूक केली. पाच लॅपटॉप आणि तेवीस मुलं. मी थेट एक खेळ लावून दिला. दहा मिनिटांत भांडणं सुरू. कोणाची पाळी, कोणी ढकललं. तास संपला तेव्हा कोणी काहीच शिकलं नव्हतं. घरी जाताना वाटलं, यादीवर सही केली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी खेळ काढून टाकला. बीबीसी मायक्रो सुरू झाला की काळ्या पडद्यावर दोन-तीन शब्द येतात आणि एक छोटं चिन्ह लुकलुकत राहतं. बाकी काही नाही. चित्र नाही, बटण नाही. मुलं गप्प झाली. एक जण म्हणाला, "बाई, हे बंद पडलंय का?" मी म्हटलं, "नाही रे, ते तुझी वाट बघतंय."

मग फळ्यावर तीन ओळी लिहिल्या (यंत्रावर या इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायच्या) :

१० फॉर आय = १ टू १०
२० प्रिंट आय * ७
३० नेक्स्ट

शेवटी "रन". पडद्यावर साताचा पाढा! जो पाढा म्हणताना निम्मा वर्ग खाली बघतो, तो त्यांनी यंत्राकडून म्हणवून घेतला. लगेच कोणी ७ च्या जागी १३ घातले, कोणी १० च्या जागी १००. एकाने १० च्या जागी इतका मोठा आकडा घातला, की पडदा पळतच राहिला. मग ते थांबवायचं कसं, हा पुढचा धडा आपोआप झाला.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. वहीत काही लिहीत नाही, कारण चुकलं की हसतात. त्याने पहिली ओळ चुकीची लिहिली. यंत्राने उत्तर दिलं, एकच इंग्रजी शब्द : "मिस्टेक." या बेसिकमध्ये चूक झाली की बहुतेक वेळा हाच शब्द येतो. लाल रंग नाही, फुली नाही, शेजारी कोणी हसत नाही. तो म्हणाला, "म्हणजे काय बाई?" मी सांगितलं, "चूक. परत लिही." त्याने परत लिहिलं. परत "मिस्टेक". पाचव्या वेळी जमलं. तो वर्षभरात एकाच गोष्टीसाठी पाच वेळा बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

८) मग लॅपटॉप आला की सगळं जमलं का?

नाही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पेरूमध्ये ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांना एक्सओ मिळाला, संगणकाचा वापर खूप वाढला, पण गणित आणि भाषेच्या परीक्षेत फरक दिसला नाही. लॅपटॉप हातात देणं वेगळं आणि त्याने काय करायचं ते कोणीतरी सोबत बसून दाखवणं वेगळं. खडू आपोआप शिकवत नाही, तसा लॅपटॉपही नाही.

एम्युलेशनसुद्धा जादू नाही. मराठी अक्षरं त्या जुन्या यंत्रात तयार मिळत नाहीत, नकाशे-व्हिडिओ नाहीत, परीक्षेला त्याचे गुण नाहीत. मग का करायचं? कारण आजचा मोबाइल मुलांना आत डोकावू देत नाही. बोट फिरवलं की चित्र सरकतं, का सरकतं ते कळत नाही. ३२ केबीचं यंत्र मात्र पूर्ण समजू शकतं. उदाहरणार्थ, त्याचं ६४० × २५६ ठिपक्यांचं दोनरंगी चित्र घ्या. एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे १,६३,८४० बिट. ८ ने भागा, २०,४८० बाइट, म्हणजे बरोब्बर २० केबी. ३२ मधून २० गेले, बाकी सगळ्याला उरले १२. मुलांना पटकन कळतं की चित्र म्हणजे आकडेच आणि जागा मोजून वापरायची असते.

आणि शेवटची गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात आवडली. याच बीबीसी मायक्रोच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवा प्रोसेसर आखला. तो अजून तयार व्हायचा होता. तेव्हा विल्सन यांनी बीबीसी मायक्रोवर, बीबीसी बेसिकमध्येच, त्या न जन्मलेल्या प्रोसेसरचं सोंग वठवून बघितलं. मग एप्रिल १९८५ मध्ये खरी चिप आली आणि चालली. तिचं नाव एआरएम. आज तुमच्या-माझ्या खिशातल्या बहुतेक मोबाइलमध्ये याच घराण्याचा प्रोसेसर आहे. म्हणजे ज्या मोबाइलपुढे आपण जुन्या यंत्राला निरुपयोगी म्हणतो, त्याच्या पणजोबाची पहिली तालीम शाळेतल्या संगणकावर झाली होती!

आमच्या रजिस्टरमध्ये आता ओळ अशी आहे : "छोटे लॅपटॉप, नग ५, वापरात." शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी काही बोलले नाही. त्या मुलाने तेराचा पाढा छापून दाखवला, एवढं पुरलं.

तुमच्याही कपाटात असं काही पडून असेल. सही करायच्या आधी एकदा चालू करून बघा.

स्वाध्याय

१. एम्युलेटर आणि पोर्ट यांतला फरक बहुरूप्याचं उदाहरण देऊन सांगा.
२. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा होता. एक्सओचा वेग त्याच्या सुमारे किती पट?
३. बीबीसी मायक्रोच्या एका फ्लॉपीवर २०० केबी मावत असतील, तर १ जीबीच्या जागेत अशा सुमारे किती फ्लॉप्या बसतील?
४. मानवी एम्युलेटरच्या कृतीत "वजा" हा नवा हुकूम घाला. त्याचा अर्थ कागदावर कसा लिहाल?
५. घरातली एखादी "निरुपयोगी" वस्तू शोधा. ती कोणत्या कामासाठी निरुपयोगी आहे आणि कोणत्या कामासाठी उपयोगी, ते पाच ओळींत लिहा.